पक्षी मोजले, आता गणित कोणतं?

या महिन्यात निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्यांची पत्रं बरीच आली. त्यातल्या तिघांना इथे उत्तर देते. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातली अडचण जवळजवळ प्रत्येकाची आहे.

प्रश्न : आम्ही इंदापूर तालुक्यातले तीन शिक्षक. उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगाव ते डिकसळ या पट्ट्यात चार ठिकाणी दर पंधरवड्याला पक्षी मोजतो. २०१३ च्या हिवाळ्यापासून बारा हंगामांच्या नोंदी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत खंड पडला. जुलै-ऑगस्टमध्ये रोहित पक्षी (फ्लेमिंगो) नसतात म्हणून काही वर्षं गेलोच नाही. कधी होडीतून मोजलं, कधी काठावरून. रोहित कमी झालेत असं आम्हाला वाटतं. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी एक्सेलमध्ये सगळ्या आकड्यांवर सरळ रेषा बसवून दिली, पी-व्हॅल्यू ०.००१ आली. दुसरे म्हणाले, ते सोडा, मान-केंडॉल चाचणी लावा. तिसऱ्यांनी अरिमा सांगितलं. आता आम्ही कुणाचं ऐकावं?

उत्तर : तिघांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत, म्हणून तुमचा गोंधळ झाला. अरिमा मुख्यतः पुढचा अंदाज बांधण्यासाठी असतं. पुढच्या जानेवारीत किती पक्षी येतील, हा त्याचा प्रश्न. त्याला नोंदी ठरावीक अंतरानं आणि शक्यतो खंड न पडता लागतात, शिवाय तुमच्यासारखे शून्यांनी भरलेले आकडे त्याला झेपत नाहीत. मान-केंडॉल फक्त एवढंच विचारतं की आकडे एकंदरीत चढताहेत की उतरताहेत. दर हंगामाचा एकच आकडा घेऊन पडताळा म्हणून ते जरूर करा, पण त्यात पाण्याची पातळी, होडी, ठिकाण यांना शिरायला जागाच नाही. पी-व्हॅल्यू म्हणजे खरा कल नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा उतार दिसण्याची शक्यता. सरळ रेषेबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण त्या ०.००१ वर तुम्ही विश्वास ठेवलात तर वर्तमानपत्रात चुकीची बातमी जाईल.

तुमचा खरा प्रश्न मी असा समजते : या पट्ट्यात येणाऱ्या रोहितांची संख्या बारा हंगामांत खरोखर घटली का, आणि घटली असेल तर किती? हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पद्धत त्यातून ठरते.

आधी आलेख काढा. आडव्या अक्षावर महिने, प्रत्येक हंगामाची वेगळी रेघ. हंगाम जुलै ते जून धरा. जानेवारी ते डिसेंबर धरलंत तर एकच हिवाळा दोन वर्षांत वाटला जातो, आणि डिसेंबरात आलेला थवा एका वर्षात व तोच थवा मार्चमध्ये दुसऱ्या वर्षात मोजला जातो. मी सोलापुरात संख्याशास्त्र शिकवत होते तेव्हा प्राणिशास्त्राची मुलं नोंदी घेऊन यायची, तेव्हाही पहिलं काम हेच करायला लावायची. अर्ध्या शंका या एका आलेखानं मिटतात.

त्याच आलेखाखाली धरणाची पातळी काढा. उजनीच्या बाबतीत हे टाळताच येणार नाही. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालचं पाणी. पातळी त्या मृतसाठ्यात उतरली की टक्केवारी उणे होते. म्हणून तर आपल्याकडे ‘उजनी उणे ४० टक्के’ असं बोललं जातं, जे बाहेरच्या माणसाला कळतही नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ५० च्याही खाली गेली होती. आता रोहिताचं खाणं बघा. तो उथळ पाण्यात उभा राहून, मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखल-पाणी गाळून खातो. ऑक्टोबरात धरण काठोकाठ असेल तर त्याच्या पायांना पुरेल असं उथळ पाणी तुमच्या चार ठिकाणांपुढे फारसं नसतं. पाणी ओसरू लागलं की चिखलपट्टे उघडे पडतात आणि थवे उतरतात. आणखी ओसरलं की पाण्याची कड तुमच्या ठिकाणापासून दूर सरकते आणि थवाही तिच्यामागे जातो. म्हणजे पक्षी तेवढेच, पण तुमच्या दुर्बिणीसमोर कमी किंवा जास्त. समजा तुमच्या शेवटच्या चार हंगामांत पाऊस चांगला झाला आणि धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं. मग जी घट दिसते ती रोहितांची नसून भीमेच्या पाण्याची असू शकते.

तेव्हा पातळी गणितात घ्यायलाच हवी, आणि तीही सरळ रेषेत नको. फार भरलेलं धरण वाईट, फार रितंही वाईट, मधली पातळी चांगली. हा आकार आकड्यांनाच ठरवू द्यायचा असतो. जुन्या तारखांची पातळी तुमच्या वहीत नसेल तर घाबरू नका. जलसंपदा विभागाकडे रोजची नोंद असते, आणि आपल्या भागातली वर्तमानपत्रं उजनीची टक्केवारी नेमानं छापतात. जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात तुमच्या बहुतेक तारखा सापडतील.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पातळी धरून काढलेलं उत्तर आणि पातळी न धरता काढलेलं उत्तर ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिलं सांगतं, पाणी सारखं असतं तर पक्षी घटले असते का. दुसरं सांगतं, या पट्ट्यात प्रत्यक्षात पक्षी कमी उतरले का. वन विभागाला दुसरंही कळायला हवं. दोन्ही काढा, दोन्ही लिहा.

आता आकड्यांच्या स्वभावाबद्दल. तुमच्या वहीत ०, ३, ४० आणि मग एकदम १,८०० अशा नोंदी असणार. थव्यानं राहणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी अशाच असतात. सरासरी वाढली की चढउतारही वाढतो. एक्सेलमधली सरळ रेषा असं गृहीत धरते की चढउतार सगळीकडे सारखा आहे, आणि ती खुशाल उणे २०० पक्षी असा अंदाजही देते. यावर जुना उपाय म्हणजे प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा आणि लॉग घ्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवलं गेलं. २०१० मध्ये ओ’हारा आणि कोत्झे यांनी दाखवून दिलं की मोजणीच्या आकड्यांवर ही युक्ती चांगली चालत नाही, विशेषतः शून्यं आणि लहान आकडे पुष्कळ असतील तेव्हा. मोजणीसाठी बनवलेली वितरणंच, म्हणजे कोणता आकडा किती वेळा येईल याचे गणिती साचेच, वापरावेत. पॉयसॉन हे त्यातलं सगळ्यात साधं, पण त्यात चढउतार सरासरीइतकाच असतो, आणि थव्यांना ते कधीच पुरत नाही. तुम्ही निगेटिव्ह बायनॉमियल घ्या, त्यात चढउतार सरासरीहून बराच जास्त असू शकतो.

होडी आणि काठ हा फरक वेगळा घटक म्हणून घाला. प्रत्येक वेळी किती वेळ मोजलं हेही घाला, पण इथे एक सावधगिरी. पुष्कळ पुस्तकांत वेळ ‘ऑफसेट’ म्हणून घ्यायला सांगतात, म्हणजे दुप्पट वेळ मोजलं तर दुप्पट पक्षी मिळतील असं धरायचं. झाडीत हिंडून पक्षी शोधणाऱ्याला ते एकवेळ चालेल. उघड्या पाण्यात उभा असलेला थवा एक तास बघा नाहीतर दोन, तो तेवढाच राहणार. म्हणून वेळेचा लॉग साधा घटक म्हणून ठेवा आणि त्याचा परिणाम किती हे आकड्यांकडूनच काढून घ्या.

आता त्या ०.००१ कडे येते. चार ठिकाणं, महिन्याला दोन मोजण्या, बारा हंगाम. तुमच्याकडे हजाराच्या आसपास ओळी असतील. सरळ रेषेनं त्या सगळ्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या. पण १ फेब्रुवारीला कुंभारगावला दिसलेला थवा १५ फेब्रुवारीलाही बहुतेक तिथेच असतो, नाहीतर उडून डिकसळला गेलेला असतो आणि तिथल्या तुमच्याच वहीत येतो. एकाच घरातल्या माणसांना वेगवेगळं गाठून विचारावं आणि गावभराचं मत मिळालं म्हणावं, तसं हे झालं. याला स्वसहसंबंध म्हणतात. तो किती महाग पडतो ते बघा. समजा लागोपाठच्या दोन मोजण्यांमधला सहसंबंध ०.८ आहे (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण), आणि तो पुढे पुढे त्याच प्रमाणात विरत जातो. मग एका ठिकाणच्या वर्षभरातल्या २४ मोजण्यांना १ वजा ०.८ नं गुणायचं आणि १ अधिक ०.८ नं भागायचं. उत्तर येतं २.७ च्या आसपास. सरासरी काढण्यापुरतं बोलायचं तर २४ फेऱ्यांची किंमत तीनपेक्षाही कमी स्वतंत्र फेऱ्यांइतकी.

आणि कल काढताना तर गोष्ट आणखी कडक होते. एखाद्या वर्षी कच्छमध्ये वीण चांगली झाली, किंवा दुसरीकडे कुठे पाणी चांगलं मिळालं, तर तुमच्या चारही ठिकाणांवर, वर्षभराच्या सगळ्या मोजण्यांवर एकदमच परिणाम होतो. म्हणजे कलाबद्दल साक्ष द्यायला तुमच्याकडे हजार नाही, बारा साक्षीदार आहेत. हर्लबर्ट या शास्त्रज्ञानं १९८४ मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं आणि तेव्हापासून ती दाखवून देणं चालूच आहे. उपाय असा : वर्ष दोनदा घ्यायचं. एकदा सरळ कल म्हणून, एकदा रँडम इफेक्ट म्हणून. ‘तेच वर्ष दोनदा कसं?’ असं विद्यार्थी नेहमी विचारतात. कल म्हणजे बारा वर्षांतून जाणारा उतार, रँडम इफेक्ट म्हणजे प्रत्येक वर्ष त्या उतारापासून किती वर-खाली हललं ते. हे दुसरं घातलं नाही तर प्रत्येक वर्षाचं हलणं कलाच्या खात्यावर जमा होतं. घातल्यावर तुमची पी-व्हॅल्यू बहुधा बरीच मोठी होईल. वाईट वाटून घेऊ नका. पहिली खोटी होती.

टाळेबंदीतल्या रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवा. तिथे शून्य भरू नका, शेजारच्या आकड्यांची सरासरीही भरू नका. त्या दिवशी पक्षी किती होते याचा तुम्ही न जाण्याशी संबंध नव्हता, म्हणून हा खंड निरुपद्रवी आहे. जुलै-ऑगस्टची गोष्ट मात्र वेगळी. तिथे तुम्ही पक्षी नसतात म्हणून गेला नाहीत, म्हणजे आकडा लहान असणार होता म्हणूनच तो वहीत नाही. काही वर्षी गेलात, काही वर्षी नाही, त्यामुळे वर्षांची तुलना बिघडते. माझं मत स्पष्ट आहे : सगळ्या हंगामांतल्या डिसेंबर ते मे एवढ्याच नोंदी घ्या. नोंदी फेकून देताना हात अडखळतो हे मला कळतं, पण इथे फेकाव्यात.

काम ‘आर’ या मोफत प्रणालीत करा, त्यातलं सायमन वुड यांचं एमजीसीव्ही हे पॅकेज घ्या. जीएएम, म्हणजे सरळ रेषेऐवजी वळणदार रेषा बसवू देणारं मॉडेल, बसवायचं : वितरण निगेटिव्ह बायनॉमियल, हंगामातल्या दिवसाचा वळणदार परिणाम, पातळीचा वळणदार परिणाम, होडी की काठ, वेळेचा लॉग, ठिकाण आणि हंगाम रँडम इफेक्ट, आणि हंगामाचा सरळ कल. नंतर उरलेली चूक, म्हणजे रेसिड्युअल, तारखेनुसार मांडून बघा. सलग पाच-सहा मोजण्या शून्याच्या वर आणि मग सलग पाच-सहा खाली असं दिसलं तर स्वसहसंबंध अजून शिल्लक आहे. मग दिवसाचा परिणाम प्रत्येक हंगामासाठी वेगळा वळू द्या.

उत्तर लिहिताना पी-व्हॅल्यू मागे ठेवा. समजा घट दरवर्षी ४ टक्के आली. पहिल्या हंगामापासून बाराव्यापर्यंत अकरा पायऱ्या, म्हणजे एकूण घट सुमारे ३६ टक्के. ही लहान गोष्ट नाही. पण ९५ टक्के विश्वासाची कक्षा, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याचा संभव आहे ती, वर्षाला ११ टक्के घट ते ३ टक्के वाढ अशी असेल, तर तीही त्याच वाक्यात लिहा. कक्षेत शून्य आलं म्हणून ‘घट नाही’ असं कुणी म्हणू लागलं तर त्याला थांबवा. मोठी घटही त्याच कक्षेत आहे. आणि ‘भारतातले रोहित घटले’ असं लिहू नका. तुमचे आकडे कुंभारगाव-डिकसळ पट्ट्याबद्दल बोलतात. हा पक्षी ठाण्याच्या खाडीत, गुजरातेत, जिथे पाणी मनासारखं असेल तिथे जातो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तुमचे जानेवारीचे आकडे तिच्याशेजारी ठेवून बघता येतील.

प्रश्न : आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर कासवांची घरटी दहा-बारा वर्षांत पुष्कळ वाढली आहेत. हा संवर्धनाचाच परिणाम आहे असं अहवालात लिहायचं आहे. त्यासाठी कोणती चाचणी लावावी?

उत्तर : कुठलीही चाचणी लावण्याआधी घरटी मोजली कशी जात होती ते मला सांगा. वेळासला २००२ मध्ये हे काम सुरू झालं, मग एकेक गाव त्यात आलं. बहुतेक किनाऱ्यांवर सुरुवातीला एखादाच माणूस किनाऱ्याचा काही भाग फिरायचा. आता कासवमित्र पहाटे अख्खा किनारा पालथा घालतात. शिवाय पूर्वी अंडी चोरीला गेलेलं घरटं कुणाच्या वहीत यायचंच नाही. म्हणजे तुमच्या संवर्धनानं घरटी वाढवली असोत वा नसोत, मोजणी नक्कीच वाढवली. त्यामुळे दर हंगामाला किती किलोमीटर, किती रात्री फिरलात हे आधी शोधून काढा. गावातल्या जुन्या माणसांना विचारा, मानधनाची हजेरी बघा. हे मिळालं नाही तर कुठलंही मॉडेल तुम्हाला वाचवू शकणार नाही.

दुसरं, ऑलिव्ह रिडले या जातीच्या कासव-मादीला वयात यायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो. तुम्ही समुद्रात सोडलेली पिल्लं अंडी घालायला परत येणार असतील तर ती उशिरा येतील. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच घरटी वाढली असतील तर ती वाढ या पिल्लांची असू शकत नाही. मादी एका हंगामात एकाहून जास्त घरटीही करते, म्हणून घरटी म्हणजे माद्या नव्हेत. आणि माद्याही एकाच किनाऱ्याला बांधलेल्या नाहीत : २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली.

परिणाम दाखवायचा असेल तर जिथे काम उशिरा सुरू झालं असे किनारे शेजारी ठेवावे लागतील. आधी आणि नंतर, काम असलेला किनारा आणि नसलेला, अशी चौकट. फक्त तुमच्याच किनाऱ्याचे आकडे असतील तर मी अहवालात असं लिहीन : इतकी घरटी सुरक्षित केली, इतकी पिल्लं समुद्रात पोहोचली. हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे. त्याला चाचणी लागत नाही आणि त्याचं मोल कमीही नाही. ज्यांनी पहाटेच्या थंडीत हे काम केलं त्यांच्या नावावर ते ठामपणे लिहा.

प्रश्न : आमच्या निसर्ग मंडळात २०१० पासून दरवर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, शहरातल्या ठरावीक गल्ल्यांत चिमण्या मोजतात. मोबाइल टॉवरची संख्या आणि चिमण्यांची संख्या यांचा सहसंबंध उणे ०.९२ आला. आता तरी टॉवर दोषी ठरतात ना?

उत्तर : नाही. टॉवर वर्षानुवर्षं वाढत गेले, तुमच्या गल्ल्यांतल्या चिमण्या वर्षानुवर्षं कमी होत गेल्या. काळाबरोबर सतत चढत किंवा सतत उतरत जाणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या, सहसंबंध असाच दणदणीत येतो. यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं १९२६ मध्ये याचंच उदाहरण दिलं होतं : १८६६ ते १९११ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीनं होणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर, सहसंबंध ०.९५. दोन्ही उतरत होते, एवढंच त्यांचं नातं.

तुम्ही वर्षावर्षातला फरक घ्या. गेल्या वर्षापेक्षा टॉवर किती वाढले, गेल्या वर्षापेक्षा चिमण्या किती कमी-जास्त झाल्या. टॉवर एकदम वाढले त्या वर्षी चिमण्यांत एकदम घट दिसते का? ०.९२ बहुधा पुष्कळ खाली येईल. मग गल्लीवार बघा : टॉवरजवळच्या आणि टॉवर नसलेल्या, पण घरं सारखीच असलेल्या गल्ल्या. जिथे टॉवर आले तिथेच कौलारू घरं पाडून काचेच्या इमारतीही उभ्या राहिल्या असतील, आणि चिमणीला घरटं करायला वळचण राहिली नसेल, तर या दोन कारणांना वेगळं करणं तुमच्या सध्याच्या आकड्यांना शक्य नाही. २०२० च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स या अहवालात देशभराचा विचार करता चिमणी बऱ्यापैकी स्थिर आढळली, घट दिसली ती मोठ्या शहरांत. टॉवर मात्र आता गावोगाव आहेत.

आणि वर्षातून एकच दिवस मोजणं फार तुटपुंजं आहे. त्या दिवशी मिरवणूक असेल, ढग असतील, मोजणारा नवा असेल, तर सगळं वर्षच बिघडतं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये चार सकाळी मोजा, त्याच गल्ल्या, त्याच वेळी, आणि चारही आकडे वेगवेगळे लिहा, बेरीज करू नका. गल्लीवार आकडे आणि त्या त्या गल्लीत कौलारू घरं किती उरली ते मला पाठवलंत तर पुढच्या एखाद्या अंकात ते मांडून दाखवेन.